दुधाची गाठ

आईनं माळ्यावरून शेगडी खाली काढली आणि प्रांजलीनं पदर छातीवर ओढून घेतला.

तसं बघायला गेलं तर आईच्या घरात कोळसा शिरून कित्येक वर्षं झाली होती. भाकरीसुद्धा इंडक्शनवर फुगायची. चहा हवा म्हणून भिंतीकडं तोंड करून सांगितलं की भांडं आपसूक तापायचं, आणि या गोष्टीचं शेजारपाजारी कौतुक करायची एकही संधी आई सोडत नसे. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि आईचं सगळं आधुनिकपण गाठोडं बांधून माळ्यावर गेलं. अख्ख्या गडहिंग्लजच्या बाजारात कोळसा मिळेना. बाबांनी स्कूटरवरनं गावभर फिरून शेवटी एका म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याकडनं पिशवीभर आणला, आणि युद्ध जिंकल्यासारखा ओट्यावर ठेवला.

"इंडक्शनवर शेक देत नसतात," आई निखारे फुंकत म्हणाली. "धग हाडात मुरली पाहिजे."

"आई, बाहेर आधीच अडतीस डिग्री आहे."

"ती फुकटची. तिचा काय उपयोग?"

प्रांजली बाजेवर पडली होती. कान घट्ट बांधलेले, बाजेशेजारी शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. खोलीत एवढा धूर की मच्छरसुद्धा राहायला राजी नव्हते. कुशीत चिमी, सव्वातीन किलोची, रागीट कपाळाची.

"पाठीला दे. कमरेला दे," प्रांजली म्हणाली. "पुढं नको."

"का? पुढं काय सोनं लागलंय?"

सोनं नव्हतं. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, सुपारीहून थोडी मोठी गाठ होती. कॅन्सरची. आणि त्या गाठीच्या पोटात औषधाचं कोठार भरून ठेवलेलं होतं. ते कोठार बेचाळीस डिग्रीला उघडतं. या घरात ही गोष्ट एकट्या प्रांजलीला माहीत होती.

ती पालथी झाली आणि पाठ शेकून घेत राहिली.

गाठ सापडली तेव्हा तिला पाचवा महिना चालू होता. कोल्हापुरात डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या. बोलायला तुसड्या, पण समजावून सांगायला बसल्या की घड्याळ विसरायच्या. त्यांनी सांगितलं की जुन्या पद्धतीत औषध शिरेतनं द्यायचे. ते अंगभर फिरायचं. केस, आतडी, हाडांतला मगज, सगळ्यांना झोडपत झोडपत गाठीपर्यंत पोचायचं ते चिमूटभर. पोटातल्या बाळाचा तर भरवसाच नाही. आता औषध अंगभर फिरवतच नाहीत. स्निग्ध पदार्थाचे डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक गोळे करायचे, त्यांत औषध कोंडायचं आणि जेलमध्ये कालवून एका सुईनं थेट गाठीत सोडायचं. औषधही असं जहाल, की शिरेतनं दिलं तर माणूस पलंगावरनं उठायचा नाही. जेल आत जाऊन घट्ट बसतं. गोळे तिथंच वाट बघत राहतात.

"तुपाचं कसं असतं? थंडीत थिजतं, ऊन लागलं की पातळ होतं," मुजावरबाई म्हणाल्या होत्या. "अंगाच्या सदतीस डिग्रीला हे गोळे थिजलेले. बेचाळीसला वितळतात. आम्ही बाहेरनं ध्वनिलहरींचा पट्टा लावून गाठीचा हरभऱ्याएवढा कोपरा तेवढा तापवणार. तेवढंच औषध सुटणार, तिथंच काम करणार, तिथंच जिरणार. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. बाळाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"आणि चुकून सगळं एकदम तापलं तर?"

"तापवायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढची फाइल उघडली.

मोबाइलवर सूचना आल्या होत्या. सॉना टाळा. हॉट टब टाळा. टॅनिंग बेड टाळा. ताप आल्यास त्वरित कळवा. गडहिंग्लजमध्ये हॉट टब टाळणं प्रांजलीला काही जड गेलं नाही. शेगडीबद्दल मात्र कुणी काही लिहिलेलं नव्हतं. ज्यानं लिहिलं त्याची आई त्याच्या बहिणीच्या बाजेशी निखारे ठेवत नसावी.

या उपचाराची मोठी करामत म्हणजे तो दिसत नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसांत पेशंट कोण आणि सोबत आलेला कोण, ओळखू येत नसे. केस जागेवर, भूक जागेवर. बायका पट्टा लावून घ्यायच्या आणि जाता जाता मंडईत शिरायच्या. प्रांजली पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होती, तिथल्या एका क्लार्कनं यकृताच्या गाठीसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर साहेब त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "ठणठणीत तर दिसताय!" पूर्वी या आजाराचं नाव निघालं की गल्ली डबे घेऊन दारात यायची. आता आजार आहे हेच पटवून द्यावं लागे, आणि ज्याला पटवायचं नाही त्याला तो खुशाल लपवता येई.

प्रांजलीनं लपवला. आईपासून तर नक्कीच.

बेबीमावशीमुळं. ती आईची धाकटी बहीण. मुलाची बारावी होऊ दे, मग बघू, असं म्हणत मावशीनं गाठ अंगावर काढली, आणि मुलाचा निकाल लागायच्या आत गेली. शेवटचे महिने आई तिच्या उशाशी होती. परत आली ती एक वाक्य घेऊनच. लग्नात, मयतात, कुठंही या आजाराचा विषय निघाला की म्हणायची, "आधी बाई वाचवायची. पोरंबाळं, परीक्षा, सगळं मागनं."

पाचव्या महिन्यात आईला कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे प्रांजलीला विचारायची गरज नव्हती. आणि आई एकदा म्हणाली की रडून, भांडून, उपाशी बसून ते करून घेते. पोटातली पोर ठेवायची तर तोंड शिवायचं, एवढं प्रांजलीनं ठरवलं. ठाऊक होतं ते फक्त नवऱ्याला.

"सांग की आता आईंना," हर्षद रोज फोनवर म्हणायचा. तो शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होता. "आता तर चिमी बाहेर आलीय. आता काय करणारेत?"

"बारसं होऊ दे."

"डोहाळजेवणाच्या वेळी पण हेच म्हणाली होतीस. डोहाळजेवण होऊ दे."

"मग झालं ना नीट?"

"प्रांजू, तिथं शेगडी आहे."

"मी पालथी पडते."

खरं म्हणजे निम्मंच औषध वापरून झालं होतं. गाठ लिंबाएवढी होती, तिची सुपारी झाली होती. बाळंतपणासाठी मध्ये थांबले होते. उरलेले कोपरे बारशानंतर तापवायचे, आणि मग गाठीची मुळं सुकली की ऑपरेशन. उजवीकडनं बिनधास्त पाजा, डावीकडनं नको, एवढंच मुजावरबाईंनी सांगितलं होतं. पण घरात आई असताना एकाच बाजूनं पाजणं हे काही सोपं काम नव्हतं.

"डावी बाजू काय उपाशी ठेवायला दिलीय देवानं?"

"तिला उजवीकडंच आवडतं."

"तिला आवडतं! आठ दिवसाची नाही झाली, आणि आवडतं! अगं, दूध साकळेल. गाठ धरेल. मग बोंबलत बसशील."

प्रांजली हसल्यासारखं करायची. गाठ हा शब्द आईच्या तोंडून इतक्या सहज निघायचा, की एखाद्या दिवशी आपणही सहज म्हणून टाकू, अशी तिला भीती वाटायची. मग ती पदर ओढून घ्यायची आणि डिंकाचा लाडू मागायची. लाडू मागितला की आई सगळं विसरायची.

चिमीनं आदली रात्र जागून काढली आणि दुसऱ्यांनाही जागवली. दुपारी तेलपाणी झालं, हळिवाची खीर पोटात गेली, आणि प्रांजली दगडासारखी झोपली. उताणी.

स्वप्नात ती कुठल्याशा गुऱ्हाळात चुलाणापाशी उभी होती. काहिलीत रस रटरटत होता. ऊब अंगात शिरत होती आणि बरं वाटत होतं, फार बरं, कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं असं. मग ती ऊब एकाच जागी गोळा होऊन रुतायला लागली.

तिनं डोळे उघडले. आई बाजेच्या काठावर बसली होती. शेगडीवर तवा, तव्यावर खडेमिठाच्या पुरचुंड्या. एक तापत होती, एक आईच्या हातात होती आणि ती हातातली प्रांजलीच्या डाव्या छातीवर होती. आई ती दाबत होती, हलक्या हातानं, गोल गोल, जसं तिच्या आईनं तिला केलं असेल तसं.

"गप पड," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आपलंच खरं झाल्याचा आनंद होता. "बोलले होते की नाही? केवढी टणक गाठ धरलीय दुधाची. झोपेत कण्हत होतीस, म्हणून हात लावून बघितला. बराच वेळ शेकतेय. आत्ता बघ, मऊ पडायला लागली."

मऊ पडायला लागली.

प्रांजली कोपरावर रेटून उठू लागली. आईनं पुरचुंडी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या हातानं पाळण्यातली चिमी उचलली. "आता हिनं ओढलं ना, की गाठ फुटेल. घे." आणि तिनं नातीचं तोंड डाव्या छातीशी आणलं.

प्रांजलीनं पोरीला ढकललं. हातानं, कोपरानं, कशानं कोण जाणे. चिमी आईच्या मांडीवर आपटली आणि किंचाळली.

"अगं ए सटवे! पोर आहे ती!"

"आई, ती दुधाची गाठ नाही."

"मग कसली?"

"बेबीमावशीची होती तसली."

तव्यावरच्या पुरचुंडीचं फडकं करपायला लागलं. त्याचा वास आल्यावर आई उठली, शेगडीवरनं तवा उतरवला, जागेवर ठेवला. मग परत उचलला, परत ठेवला.

प्रांजलीनं मुजावरबाईंना फोन लावला होता. बाईंनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "बर्फ. आत्ता, फोन चालू ठेवून. आणि बाळाला अंगावर घेऊ नका. उजवीकडंसुद्धा नाही. रक्तात उतरलं की दुधात उतरणार. निघा तिथनं."

ज्या घरात बाळंतिणीला नळाच्या पाण्यात बोटं बुडवायची चोरी होती, त्या घरात आईनं फ्रीजरचा कप्पाच उपसून आणला. बर्फ, मटारची पाकिटं, गोठलेली कोथिंबीर, हाताला लागेल ते. लेकीच्या छातीवर थंडगार ढीग रचला आणि वर स्वतःचे दोन्ही तळवे दाबून धरले. प्रांजली कुडकुडायला लागली. आईनं तळवे काढले नाहीत.

बाबांनी गाडी काढली. संकेश्वर आलं. चिमी तेवढी भुकेनं ओरडत होती. पुढच्या सीटवर बाबांच्या शेजारी तिची टोपली पट्ट्यानं बांधली होती आणि बाबा एका हातानं टोपली हलवत होते.

"हर्षदला माहीत होतं?" हायवेला लागल्यावर आईनं विचारलं.

"हो."

"त्याच्या आईला?"

"नाही."

"एवढं तरी बरं केलंस." मग बर्फाची पिशवी सरकवत, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला का नाही?"

"तू पोर पाडायला लावली असतीस."

निपाणी मागं गेली. आईचं उत्तर काय येणार, ते प्रांजलीला ठाऊक होतं, तरी तिला ते ऐकायचं होतं. आई नाही म्हणाली असती, तर तिला आयुष्यात पुन्हा आईवर विश्वास ठेवता आला नसता.

"लावली असती," आई म्हणाली. "पायावर डोकं ठेवून लावली असती."

"म्हणून नाही सांगितलं."

"आणि म्हणून मी माझ्या हातानं..." आईनं पुढचं गिळलं. बाबांनी आरशातनं मागं बघितलं. "राजू," ते आईला म्हणाले, पोरीसमोर पहिल्यांदाच नावानं, "हात बदल. निळे पडलेत."

"पडू देत."

हॉस्पिटलात पोचल्यावर तपासण्या झाल्या. हर्षद फाउंड्रीतनं तसाच आला होता. शर्टावर काळी वाळू, डोळे लाल. मुजावरबाई आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या, तेव्हाच प्रांजली समजली.

"उरलेल्यातले बहुतेक गोळे उघडलेत," बाई म्हणाल्या. "गाठीत औषधाचं तळं झालंय आणि ते झिरपतंय. दोन वाटा आहेत. एक, आत्ता ऑपरेशन. छाती काढायची, तळं गाठीसकट बाहेर. रक्तात फार उतरणार नाही. थोड्या दिवसांनी बाळ तुमच्याजवळ, उजवीकडनं कदाचित पाजतासुद्धा येईल. पण गाठीची मुळं बरगड्यांकडं गेलीत, ती मागं राहणार. त्यांच्यासाठीच तर ते औषध होतं."

"आणि दुसरी?"

"हात लावायचा नाही. औषध मुळांपर्यंत पोचू द्यायचं. पण तुमचं रक्त तळाला जाईल. साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही. काचेच्या खोलीत ठेवणार, कितीही दिवस. बाळ नाही. दूध तर नाहीच."

"वाचायची शक्यता कशात जास्त?"

बाईंनी चष्मा काढला. "एवढं औषध एकदम आजवर कुणी सोडलेलं नाही. चुकूनसुद्धा नाही. पहिल्या वाटेनं आज वाचाल, हे नक्की. पुढचं सांगत नाही. दुसऱ्या वाटेनं आजचंच सांगता येत नाही, पण त्यातनं निघालात तर कदाचित कायमच्या निघाल. अर्ध्या तासात सांगा."

"तू म्हणशील तसं," हर्षद म्हणाला.

"पाचव्या महिन्यापासनं तू हेच म्हणतोयस, हर्षद. मी दमले आता."

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाहेर व्हरांड्यात चिमीचा आवाज बसत चालला होता. रडण्याचं आता नुसतं घरघरणं झालं होतं. कुणीतरी पावडरचं दूध आणायला धावलं होतं. प्रांजलीनं आईला आत बोलावलं. सगळं सांगितलं, या वेळी काहीही न गाळता.

"आता तू सांग," ती म्हणाली.

"मला नको विचारू." आईनं तळवे पुढं केले. बर्फानं कातडी पांढरी पडली होती, बोटं मिटत नव्हती. "या हातांना नको विचारू."

"तुलाच विचारतेय. मी एकटीनं ठरवलं, आणि काय झालं ते बघितलंस."

एवढ्या वर्षांचं आईचं वाक्य तिच्या ओठावर आलेलं प्रांजलीला दिसत होतं, आणि बाहेरचं ते घरघरणं ऐकून ते परत खाली जाताना पण दिसत होतं.

"पहिल्या वाटेनं तू चार दिवसांत हिला घेशील," आई म्हणाली. "आणि ही शाळेत जायच्या आत जाशील. मी बघितलंय ते. बेबीचा पोरगा अजून फोन करतो मला, काही कारण नसताना." तिनं नाक पुसलं. "काचेत जा तू."

"त्यातनं बाहेर नाही आले तर?"

"तर मला शिव्या दे."

"तेव्हा कुठनं देणार?"

"आत्ताच देऊन ठेव."

प्रांजलीला हसू आलं, आणि हसता हसता ते भलत्याच वळणाला गेलं. आईनं तिचं डोकं पोटाशी धरलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून मनगटांनीच धरलं.

"हिचं काय पण?" प्रांजलीनं पोटात तोंड खुपसूनच विचारलं. "तुला ती नको होती."

"नकोच झाली असती," आई म्हणाली. "तेव्हा तिचं तोंड कुठं बघितलं होतं मी? आता बघितलंय. आता तू नको म्हणालीस तरी मी द्यायची नाही."

काचेच्या खोलीला एकच मोठी खिडकी होती, व्हरांड्याकडं उघडणारी. उघडणारी म्हणजे नुसती दिसणारी. आवाजासाठी भिंतीत एक डबी होती, तीही कधी चालायची, कधी खरखरायची. प्रांजलीला उलट्या सुरू झाल्या होत्या. तोंडाला आतून फोड आले होते. रक्ताचा आकडा रोज सकाळी खाली जायचा आणि मुजावरबाई तो सांगताना आता दारातच उभ्या राहायच्या, बसायच्या नाहीत. ते चांगलं की वाईट, तिनं विचारलं नव्हतं. गाठीत काय चाललंय ते इतक्यात बघता येणार नव्हतं.

चिमी बाटली धरत नव्हती. रबराचं तोंड जिभेला लागलं की डोकं वळवायची आणि छाती शोधायची. बाबांच्या शर्टात शोधायची, हर्षदच्या दंडावर शोधायची. ती सुकत चालली होती, आणि ते कुणी प्रांजलीला सांगत नव्हतं. पण काच होती.

एका सकाळी आई काचेसमोर खुर्ची ओढून बसली. चिमीला तिनं दुपट्यात घट्ट गुंडाळलं होतं, हात आत. मांडीवर दुधाची वाटी, हातात चोचीचं बोंडलं. डबीतनं तिचा आवाज आला. "आईकडं बघ. ती बघ तुझी आई, नुसती लोळतेय. तुला काय धाड भरलीय? घे. घे म्हणते ना."

चिमीनं थुंकलं. आईनं तोंड पुसलं, परत घातलं. परत थुंकलं. दुपट्यावर, आईच्या पदरावर, चष्म्यावर. आई शिव्या देत होती आणि घालत होती. प्रांजली उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली. तिला वाटत होतं पोरीनं घ्यावं, आणि आत कुठंतरी, खूप खाली, वाटत होतं की घेऊ नये, माझीच वाट बघावी.

मग चिमीनं तोंड मिटलं. कपाळाला आठ्या घातल्या, विचार केल्यासारखं केलं, आणि गिळलं. इवल्याशा गळ्यातून घोट खाली उतरलेला काचेपलीकडनंही दिसला. मग दुसरा. मग ती बोंडलं चोखायलाच लागली, अधाशासारखी, डोळे मिटून.

आईनं वर बघितलं. बोंडलं तिनं तसंच तिरकं धरून ठेवलं, थेंबही सांडू देत नव्हती.

प्रांजलीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच क्षणी तिचं दूध उतरलं. उजवीकडनं, ऊन ऊन, गाऊन भिजवत, पोटावरनं ओघळत. तिनं बेल दाबली. नर्स मोजे चढवून आली, पंप लावला, आणि भरलेली बाटली काळजीपूर्वक विषारी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकून झाकण लावलं.

काचेपलीकडं चिमी पीत होती.